पारुबाईचा फुटलेला कुकर

शहाद्याच्या भांडी बाजारात अमृतशेठचं दुकान आहे. त्या दुकानात रोहिणी पाटील पहिल्यांदा गेली ती कुकर विकत घ्यायला, आणि बाहेर पडली ती कुकर विकण्याचं काम घेऊन. झालं असं की तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन बाया कुकरला हात लावायलाच भीत होत्या. रोहिणीने त्यांच्यापुढे झाकण उघडलं, बसवलं, पुन्हा उघडलं, आणि अहिराणीत म्हणाली, "भ्यानं नही वं माय. शिट्टी म्हनजे काय, ती आपलाले हाका मारस, दाय शिजनी, ये वं!" बाया हसल्या आणि दोघींनीही कुकर घेतला. अमृतशेठने गल्ल्यावरून हे पाहिलं आणि तिथल्या तिथे विचारलं, की गावोगावच्या बाजारात जाऊन असंच करून दाखवाल का?

घरी सासूबाई, गजराबाई, ऐकून अवाक झाल्या. "पाटीलनी सून बजारमा चूल मांडी का आते? लोके काय म्हनतीन?"

रोहिणीचा नवरा हेमकांत साखर कारखान्यात नोकरीला. तो जेवता जेवता म्हणाला, "लोके खिचडी खातीन माय, आनखी काय करतीन?"

त्याचं खरं झालं. तापीकाठच्या गावांत रोहिणीची खिचडी खायला बायकांची रीघ लागायची. ती गॅसची छोटी शेगडी मांडायची, तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे टाकायची आणि शिट्टी होईपर्यंत सासवा-सुनांचे असे किस्से सांगायची की बाजारातले पुरुषही पिशव्या खाली ठेवून उभे राहायचे. अहिराणी तिची मायबोली. त्या बोलीत तिला कधी शब्द शोधावा लागला नाही. दोन हंगाम गेले आणि अमृतशेठच्या दुकानात मुंबई-पुण्याच्या दुकानांना हेवा वाटावा इतके कुकर खपू लागले.

मग त्याने तिला म्हसावदच्या बाजाराला पाठवलं. तोरणमाळच्या बाजूची डोंगरातली माणसं तिथे खाली उतरतात. घरी पावरी बोलणारी. रोहिणीने विचार केला, यांना आपली अहिराणी कशी कळणार? त्यापेक्षा शुद्ध मराठी बोलावं, शाळेतली. म्हणून तिने पदर नीट केला आणि पुस्तकातल्यासारखं बोलली. कुकर दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करावा. समोरच्या बाया शांतपणे ऐकत होत्या, माना डोलवत होत्या. एकीनेही प्रश्न विचारला नाही. काहींनी कुकर घेतले, गाठोड्यात बांधले आणि त्या डोंगराकडे चालू लागल्या. रोहिणी त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा फार खुशीत होती.

काही आठवड्यांनी त्याच बाजारात एक उंचसा तरुण तिच्यासमोर येऊन उभा राहिला. वीरसिंग त्याचं नाव. त्याने खांद्यावरचं पोतं उतरवलं आणि त्यातून कुकर काढून तिच्या शेगडीशेजारी ठेवला. बूड कोळशासारखं काळं, मूठ वितळून वाकडी झालेली, झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी नुसतं भोक.

"हाई तुमनं," तो म्हणाला. बाजारापुरती अहिराणी त्याला येत होती. "मन्ही मायनी नालामा फेकी दिन्हा व्हता. मी काढी लयना."

रोहिणीने विचारलं, "कोनले लागनं ते नही ना?"

"नही. उडीद छपरले चिकटना. माय बाहेर पळनी. तिनी सांगं, त्या बाईले वापस दी ये, आमनं मडकं बरं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. अमृतशेठला कळलं तेव्हा तो म्हणाला, "नवा कुकर दी टाकू, मिटनं." पण रोहिणीच्या डोक्यातून ते भोक जाईना. आपण सांगितलं होतं, तरी असं कसं झालं? तिने नवा कुकर घेतला आणि वीरसिंगला म्हटलं, मीच येते द्यायला.

जीप रस्त्यापर्यंत गेली. पुढची चढण पायी होती. वीरसिंगच्या आईचं, पारुबाईचं घर पाड्याच्या टोकाला, कुडाच्या भिंतींचं. दारात शेळ्या. पारुबाईने पाहुणीला पाणी दिलं, खाटेवर बसवलं, आणि नव्या कुकरकडे मात्र साप दिसावा तसं पाहिलं. तिला मराठी येत नव्हती. वीरसिंग मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होता.

"आम्ही काय चुकलो, विचार तिला," रोहिणी म्हणाली.

पारुबाईने उत्तर दिलं. वीरसिंगला हसू आवरेना. "ती म्हनस, तुम्ही खूप बोलनात. पन माले फक्त शिट्टी कळनी."

मग त्या दिवशी काय झालं ते पारुबाईने हातवारे करून दाखवलं. मडकं जसं गळ्यापर्यंत भरतात तसा तिने कुकर उडदाने भरला होता. शिट्टी झाली. तिला वाटलं, झकास, वस्तू चांगली आहे, आणि तिने चुलीत आणखी दोन लाकडं सारली. उडदाचा फेस वर चढला, शिट्टीचं तोंड बंद झालं, आणि पुढचं छपराने पाहिलं.

रोहिणी चुलीकडे बघत राहिली. तीन दगड, मधे जळतं लाकूड. गॅस बारीक करा, असं आपण या बाईला सांगितलं होतं! पारुबाईची भाषा आपल्याला येत नाही एवढंच आतापर्यंत तिला वाटत होतं. पण तिची चूलही आपण पाहिलेली नव्हती, आणि तिच्या घरात रोज काय शिजतं हेही कधी विचारलं नव्हतं.

तिने नवा कुकर बाजूला ठेवला. "आधी मडक्यात करा," ती म्हणाली. "मी बघते."

पारुबाईने उडीद शिजत घातले, मक्याची भाकरी थापली. मोठी आच हवी तेव्हा ती लाकूड आत सारायची, नको तेव्हा बाहेर ओढायची, भाकरीवरची नजर न काढता. दुपार सरली. जेवणं झाली. मग रोहिणीने हळूच कुकर पुढे केला. पारुबाई उठली, राख आणि माती कालवली आणि कुकरच्या बुडाला जाडसा लेप दिला, मडक्याला देतात तसाच, म्हणजे काजळी घासत बसायला नको. मूठ ज्वाळेपासून दूर राहील असा तो फिरवून ठेवला. हे दोन्ही रोहिणीला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कंपनीच्या कागदावरही नव्हतं. रोहिणीने तिच्या हातावर हात ठेवून उडीद निम्म्यावर थांबवले. शिट्टी झाली. पारुबाई दचकली, पण पळाली नाही. रोहिणीने लाकडाकडे बोट दाखवलं. पारुबाईने ते बाहेर ओढलं आणि ओढताना पावरीत काहीतरी म्हणाली. रोहिणीने तेच म्हणून पाहिलं. पाड्यावरच्या बाया एव्हाना दारात जमल्या होत्या, त्या पोट धरून हसल्या. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा हसल्या. तिसऱ्यांदा एक म्हातारी म्हणाली, आता बरं.

निघताना रोहिणीने वीरसिंगकरवी विचारलं, "माझ्याबरोबर बाजारात येऊन बोलाल का? तुमच्या बोलीत?"

पारुबाईने एकच अट घातली. कुकर फुटला, तेही सांगणार.

अमृतशेठने कपाळावर हात मारला. "कुकर फुटना हाई सांगीसन कुकर इकतस का कोनी?"

"तिले हाई सांगू दिधं नही ते ती येवाव नही, शेठ," रोहिणी म्हणाली. "आनि खरं शे ते सांगाले कसाले भ्यानं?"

पुढच्या बाजाराला गॅसची शेगडी घरी राहिली. रोहिणीने तीन दगड मांडले, लाकडं पेटवली. पारुबाई उभी राहिली आणि सुरू झाली. रोहिणीला चार-दोन शब्द कळत होते, बाकी ती हातवाऱ्यांवरून ओळखत होती. पारुबाईने उडीद छपराला कसे चिकटले ते दाखवलं, स्वतः कशी पळाली ते पळून दाखवलं, नाल्यात कुकर कसा भिरकावला तेही. लोकांनी कोंडाळं केलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या बायांना मग तिने गंभीर होऊन एकेक गोष्ट सांगितली: किती भरायचा, लाकूड कधी ओढायचं, लेप कसा द्यायचा. या वेळी माना डोलल्या नाहीत. प्रश्न आले, एकावर एक. पारुबाई उत्तरं देऊन थकली. त्या बाजारातून गेलेला एकही कुकर पोत्यातून परत आला नाही.

नवापूरला मात्र रोहिणी पुन्हा आपटली. तीन दगड आणि उडीद घेऊन ती गेली, आता आपल्याला सगळं कळलंय अशा थाटात. तिथल्या बाया उडदाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एस्तेर, चर्चच्या महिला मंडळाचं काम बघणारी, शेवटी मराठीत म्हणाली, "ताई, आम्ही भात खाणारी माणसं. आणि कुकरच्या भाताला पेज निघत नाही. शेतावरून आलेलं माणूस आधी पेज मागतं. ती कुठून आणू?"

आधीची रोहिणी असती तर कुकरच्या भाताचे गुण गाऊ लागली असती. ही म्हणाली, "मग भात पातेल्यातच करा. शिजायला वेळ लागतो असं दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

एस्तेर विचारात पडली. "गावठी कोंबडा," ती म्हणाली. "म्हातारा असला तर दुपार खातो."

"आणा."

मंडळाच्या अंगणात कोंबडा शिजला. एस्तेरने कोकणीत, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या बोलीत, सगळ्यांना सांगितलं, भाताला पातेलं, कोंबड्याला कुकर. नाताळात शंभर माणसांचं जेवण करायचं म्हणून मंडळानेच मोठे कुकर मागवले, आणि पुढे नवापूरच्या बाजारात बोलायला एस्तेरच उभी राहू लागली.

आता रोहिणीला पावरी बऱ्यापैकी कळते, कोकणी थोडी. स्वतः ती या बोलींत फारसं बोलत नाही. बोलणाऱ्या बाया आहेत, आणि अमृतशेठ त्यांना मेहनताना रोहिणीइतकाच देतो, कारण तो तसाच द्यायचा हे रोहिणीने पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं.

गेल्या महिन्यात ती तळोद्याला गेली. तिथल्या भिली बोलीचा तिला गंधही नव्हता. ओळखीचंही कुणी नव्हतं. रूपलीबाई नावाची एक बाई बाजार करून दमलेली, सावलीला म्हणून तिच्या छत्रीखाली येऊन टेकली. रोहिणीने कुकरचं नावही काढलं नाही. बाईच्या टोपलीत चवळी होती. रोहिणीने त्या चवळीकडे बोट दाखवलं, मग चुलीकडे, आणि भुवया उंचावल्या. रूपलीबाईने तिला नीट निरखून पाहिलं. मग मूठभर चवळी काढून दिली, आणि शिजेपर्यंत हातांनी, तोंडाने, मोडक्या हिंदीने सांगत राहिली, आमच्यात यात काय काय पडतं. मिरची कधी, लसूण कधी. तिने चव घेतली, आणखी मीठ मागितलं, काही न घेता उठली आणि जीप पकडून गेली.

पुढच्या बाजाराला ती चार बायांना घेऊन आली. रोहिणी काही बोलायच्या आत तिने झाकण हातात घेतलं, त्या चौघींकडे तोंड केलं आणि भिलीत सांगायला लागली. रोहिणी मागे सरकली आणि लसूण सोलायला बसली.