मिशीच्या मापाचा दस्ता

नांदेडच्या आमच्या सोसायटीत मला अजूनही ‘बंदूकवाले’ म्हणतात. प्रत्यक्षात मी पाटबंधारे खात्यात आवक-जावक बघतो, आणि बंदुकीचा चाप आयुष्यात एकदाच ओढलाय, तोही जत्रेत, फुगे फोडायला. (फुगेवाल्यानं पैसे परत दिले आणि ‘साहेब, मागं लोकं उभे हायेत’ म्हणून हात जोडले.)

सगळा दोष माझ्या कुतूहलाचा. कुणी काही बनवताना दिसलं की माझे पाय तिथंच थांबतात. कल्हईवाला, गादी पिंजणारा, मोटारीचं वायंडिंग भरणारा, कुणीही चालतो. असाच एकदा मोबाइलवर एक परदेशी म्हातारा सापडला. हा गडी घरामागच्या शेडमध्ये बसून शिकारीच्या रायफली हातानं बनवायचा! आपल्याकडं असला छंद केला तर माणूस थेट आत जाईल हे मला कळत होतं, आणि नळी-घोड्यात मला रसही नव्हता. मला वेड लावलं ते लाकडानं. बंदुकीचा मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात तो दस्ता, हा म्हातारा गिऱ्हाइकाच्या अंगाच्या मापानं कोरायचा. हाताची लांबी, मानेची उंची, गालाचं हाड, सगळं मोजून! शिंप्यानं कोट शिवावा तशी बंदूक! मी रोज जेवताना तेच बघू लागलो.

“त्या म्हाताऱ्यालाबी एक ताट वाढू का?” बायको, सुनंदा, एकदा म्हणाली. “रोज तुमच्यासमोर उपाशीच बसतंय.”

सुनंदाचं माहेर आमच्याच मराठवाड्यातल्या मुरुडचं. तिच्या वडिलांना मी मामा म्हणतो. मामांकडं त्यांच्या वडिलांची एकनळी बंदूक आहे, शेताच्या राखणीसाठी, रीतसर लायसनची. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की मामा बांधावर उभं राहून आकाशात एक बार काढतात. डुकरं पळतात आणि तालुक्यातले निम्मे कोंबडेही पळतात. तर या बंदुकीचा दस्ता भुंग्यानं पोखरला होता. हात लावला की पिठी गळायची. दसरा झाला की बंदूक पोलीस ठाण्यात तपासणीला न्यायची होती, आणि मामांच्या कानावर आधीच आलं होतं, की असल्या अवस्थेत आणली तर साहेब ती ठेवूनच घेतील.

वडिलांची बंदूक घरातून जाणार, या धसक्यानं मामांचं जेवण तुटलं. मामींचा फोन आला. “पोरी, तुझे आबा गप बसून राहिलेत गं. बंदुकीवरनं हात फिरवतेत अन् पिठी झाडतेत. लेकराला झाडावं तसं.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मनात आनंदाच्या उकळ्याही फुटायला लागल्या, त्याला मी काय करणार?

“मी बनवतो दस्ता!” मी जाहीर केलं.

सुनंदानं देव्हाऱ्याकडं बघितलं. तो देव्हारा मीच बनवला होता. त्याला भिंतीचा आधार होता आणि भिंतीला देवाचा.

मामांनी फोनवर एकच अट घातली. “नळीला हात लावायचा न्हाई. नळी हितंच ऱ्हाईल माझ्याजवळ. लाकडाचं काय करायचं ते करा.”

रविवारी शिंप्याची टेप घेऊन मी मुरुडला हजर. मामांनी बंदुकीऐवजी केरसुणी खांद्याला लावली आणि नेम धरला. नेम नेमका मामींवर.

“केरसुणी हाय म्हणून गप बसले,” मामी म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मी कोपर ते बोट मोजलं, खांदा मोजला, मान मोजली. गालापाशी आलो आणि अडलो. मामांची मिशी म्हणजे साधी मिशी नव्हे. ती नाकाखाली सुरू होते, दोन्ही गालांवरून मोठा फेरफटका मारते आणि कल्ल्यांना जाऊन भेटते. मुरुडच्या बाजारात पत्ता विचारताना घरनंबर सांगावा लागत नाही, मिशी सांगितली की पुरे. आता माप मिशी धरून घ्यायचं का मिशी सोडून? परदेशी म्हातारा यावर काहीच बोललेला नव्हता. त्याची गिऱ्हाइकं सगळी तुळतुळीत!

“मिशीचा इचार करावाच लागंल, जावईबापू,” मामा गंभीरपणे म्हणाले. “नेम धरला की ती चेंगरती. आजवर चेंगरूनच राहिलीय बिचारी.”

आणि तिथंच माझ्या डोक्यात वीज चमकली. “मामा, तिच्यासाठी जागाच ठेवतो ना! दस्त्यावर गाल टेकतो तिथं एक खोलगट पन्हळ कोरतो. मिशी आत, गाल वर!”

मामांनी माझ्याकडं निरखून बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या नजरेत ‘माणूस अगदीच टाकाऊ नाही’ असं काहीतरी दिसलं. मी परत नांदेडला येईपर्यंत बसमध्ये स्वतःशीच हसत होतो.

म्हातारा अक्रोडाचं लाकूड वापरायचा. मी लाकडाच्या वखारीत जाऊन अक्रोड मागितलं. वखारवाल्यानं मला किराणा दुकानाचा रस्ता दाखवला. शेवटी धावून आले आमचे शेजारी शेखसाहेब. हे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांच्याकडं जुन्या पलंगाची एक जाड शिसवी फळी होती.

“फिकर कशाला करून राहिले, सुधाकरराव? मी हाव ना! नक्शा मी काढतो, तुम्ही तासा.”

शेखसाहेबांनी फळीवर पेन्सिलीनं इतका देखणा दस्ता काढला, की त्याच्यावर करवत चालवायचा मला धीर होईना. त्यांनीच मग डोळे मिटून पहिला हात मारला. त्या दिवसापासून सोसायटीच्या गच्चीवर आमचा कारखाना सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या काकू पापड वाळत घालायला आल्या, आम्हाला बघून पापडांसकट परत गेल्या. दोघांपैकी कुणालाही सुतारकाम येत नव्हतं. पण दोघांनाही दुसऱ्याला येतं असं वाटत होतं, त्यामुळं काम झपाट्यानं झालं. आणि खरं सांगतो, दस्ता झाला सुरेख! मिशीची पन्हळ तर अशी गोल, गुळगुळीत, की शेखसाहेब तिच्यात बोट फिरवून “सुभानल्ला” म्हणाले.

राहिलं पॉलिश. म्हातारा जवसाचं तेल लावायचा. बोटाच्या टोकावर एक थेंब, चोळायचं, फडक्यानं पुसून काढायचं, मग वाट बघायची. मग पुन्हा एक थेंब.

“जवस कशाला?” सुनंदा म्हणाली. “आबांच्या शेतातल्या करडईचं घाण्यावरचं तेल डबाभर पडलंय घरात. आबांच्या बंदुकीला आबांचंच तेल!”

मी लगेच डबा उचलला. शेखसाहेबांनाही पटलं. “करडई म्हणजे ताकद, भाभी! लाकूड लोखंड होऊन जाईल बघा.”

आता मला सांगा, आमच्या मराठवाड्यात ठेच्यावर करडईचं तेल काय थेंबानं घेतात? आणि घेतल्यावर फडक्यानं पुसून काढतात? पाहुण्याच्या ताटात तेलाची धार मनगट दुखेपर्यंत धरायची, ही आमची रीत. मला तो म्हातारा एकदम कंजूष वाटायला लागला. मी दस्त्याला पळीनं तेल पाजलं. वर आलेलं पुसलं नाही, तसंच उन्हात ठेवलं. सुकल्यासारखं वाटलं की आणखी एक पळी. मिशीच्या पन्हळीत तर तेलाचं छान तळंच साठलं. उन्हानं ते आटलं, घट्ट झालं, वर काचेसारखी साय धरली. गुलाबजामच्या पाकाला येते तसली चकाकी! (आत काय चाललंय हे पाकालाच ठाऊक.)

त्याच सुमारास गच्चीवर एक हवालदार उगवले. काकूंनी पापडांचा सूड घेतला होता.

“बंदूक तुम्हीच बनवून राहिले का?”

“बंदूक नाही हो साहेब, नुसतं लाकूड.”

“मंग नळी कुठंय?”

“मुरुडला. सासऱ्यांकडं.”

“लायसन?”

“तेही सासऱ्यांकडं.”

“मंग तुमच्याकडं काय हाय?”

“माप,” मी म्हणालो.

हवालदारांनी मुरुडला फोन लावला. मामांनी पलीकडून लायसनचा नंबर सांगितला आणि वर, “जावाई हाय तो माझा. त्याच्याकडनं कुनाला काय धोका न्हाई,” असं शिफारसपत्रही दिलं. मग हवालदारांनाही राहवेना. त्यांनी दस्ता उचलला, फिरवून बघितला, खांद्याला लावून बघितला. “लई झकास झालाय की,” म्हणाले. मग खाली ठेवून हात उचलला, तर दस्ता थोडा वेळ हातासोबतच वर आला. “थोडा चिकट लागून राहिलाय का?”

“मुरतंय अजून,” मी अधिकारवाणीनं सांगितलं.

खंडेनवमीला मामांच्या घरी हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, शिवणयंत्र आणि मधोमध बंदूक. आदल्या दिवशी जाऊन मी दस्ता बसवून दिला. सुताचाही फरक नाही! मामांनी पिठी झाडायला सवयीनं हात फिरवला. पिठी नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते बघून माझेही.

सकाळी मामींनी हळद-कुंकू वाहिलं. एक कण खाली सांडला नाही. “बघा, कुंकू कसं बसलंय! देवानं मानून घेतली पूजा,” मामी भावकीतल्या बायकांना सांगत होत्या. झेंडूचं फूल ठेवलं, तेही बसलं. माझी छाती फुगत चालली होती.

पूजा झाली की मामा दरवर्षी रिकामी बंदूक खांद्याला लावून अंगणात उभे राहतात आणि सगळे फोटो काढतात. तसे ते उभे राहिले. गाल टेकवला. मिशी पन्हळीत अलगद जाऊन बसली.

“वा! जावईबापू, वा!” मामा मनापासून म्हणाले. “मिशीला गादीवर निजवल्यावानी वाटतंय. असंच धरून ऱ्हावं वाटतंय.”

आणि ते तसेच धरून राहिले. फोटो झाले. लोक टाळ्या वाजवून थांबले. मामा नेम धरूनच.

“आता ठिवा की खाली,” मामी म्हणाल्या.

“निघंना गेलंय,” मामा दातांतल्या दातांत बोलले.

गालाच्या उबेनं ती काचेची साय फुटली होती आणि खालच्या पाकानं मिशी मुळापासून पकडली होती! मामींना सांगायला मामा वळले, तर बंदूकही वळली आणि त्या बाजूचे सगळे पाहुणे मटकन खाली बसले. बंदूक रिकामी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही बसले. मामा दुसरीकडं वळले, ते बसले, हे उठले. अंगणात कवायत सुरू झाली.

“अहो, नळीपासून दस्ता सोडवा ना!” सुनंदा ओरडली.

सोडवला असता. पण काल ज्या शेजाऱ्याकडून पेचकस मागून आणला होता, तो आज दाराला कुलूप लावून परगावी गेला होता.

मामींनी कोमट पाणी लावलं. सुनंदानं खोबरेल चोळलं. भावकीतल्या एकानं “तेलानं चिकटलंय, तेलानंच सुटंल” म्हणून करडईचा डबा आणला, तेव्हा मामांनी मुंडीसकट नळी त्याच्याकडं फिरवली. डबा जिथून आला तिथं परत गेला.

शेवटी न्हाव्याला बोलावलं. तो दारातच थांबला. “मालक, आधी नळी भिताडाकडं करा. अशी दाढी म्या आजवर केली न्हाई.”

मामा भिंतीकडं तोंड करून बसले. न्हाव्यानं कात्री चालवली. बंदूक सुटली, अर्धी मिशी दस्त्यावर राहिली, अर्धी मामांच्या तोंडावर. अर्ध्या मिशीनं कोण हिंडणार? मग उरलेलीही काढली. मामांनी आरशात बघितलं. कुणीच हसलं नाही. फक्त मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि बराच वेळ आतून बाहेर आल्या नाहीत. मी मात्र जमीन दुभंगायची वाट बघत उभा होतो.

 

दसरा झाल्यावर तपासणीला मामांबरोबर मीही गेलो. दस्ता मी आधी पत्र्यानं खरवडून, पॉलिशपेपरनं घासून कोरडाठाक केला होता. साहेबांनी बंदूक घेतली, नळीवरचा नंबर बघितला. “बंदूक बरोबर.” मग लायसनवरचा फोटो बघितला. मामांकडं बघितलं. पुन्हा फोटो बघितला.

“लायसनवाले कुठं हायेत?”

“म्याच हाव, साहेब.”

“फोटोत तर भारदस्त माणूस हाय एक.”

मामांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वडिलांची बंदूक नव्या दस्त्यानिशी टेबलावर पडलेली, आणि ती जायची वेळ आली होती ती मिशीपायी! मग मामांना बोलावंच लागलं. त्यांनी सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं. ठाण्यातली सगळी माणसं हातातलं काम टाकून ऐकत होती. साहेब तर हसून हसून खुर्चीला रेलले. डोळे पुसून म्हणाले, “बरं बाबा, नवा फोटो आणून द्या. बंदूक घेऊन जा घरी.”

मामांनी इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले. तेवढ्यात साहेबांचंही कुतूहल जागं झालं. त्यांनी बंदूक उचलली, पन्हळीत बोट फिरवलं. “मिशीसाठी जागा! डोकं चालवलंय बरं का जावयानं. बघू तरी कसं वाटतंय,” म्हणाले आणि आपली झुबकेदार मिशी सावरत गाल खाली आणू लागले.

“नको साहेब!”

मी आणि मामा एकदमच ओरडलो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कारागिरीबद्दल सासऱ्यांचं आणि माझं एकमत झालं ते तेवढंच.