धुळ्याचे रबरनाना

लेन्स हातात आली की रबरनाना आधी डोळे मिटायचे. फोकसची रिंग दोन-तीनदा फिरवायचे, अंगठा कुठे घसरतो ते अजमावायचे आणि मगच चष्मा लावायचे. धुळ्यात त्यांचं छोटंसं दुकान होतं. जुन्या लेन्सवरचं झिजलेलं, सैल पडलेलं रबर काढून नवं बसवायचं, एवढंच त्यांचं काम. ऐंशीच्या दशकात खानदेशातले लग्नाचे फोटो काढणारे बहुतेक जण त्यांना ओळखत. मीही ओळखत होतो, आणि मनातून त्यांच्यावर जळत होतो.

मी जळगावात कॅमेरे दुरुस्त करायचो. पुण्याला जाऊन शिकून आलेलो. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. नानांचं आधीचं आयुष्य टायर रिमोल्डिंगच्या, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या कारखान्यात गेलेलं. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून ते पट्टी कापायचे, रिंगच्या घेरापेक्षा किंचित आखूड. तिच्यावर पात्याने बारीक चौकडी पाडायचे, रिंगवरचा जुना गोंद स्पिरिटने पुसायचे आणि पट्टी ताणून बसवायचे. लेन्स कधीच उघडायचे नाहीत. म्हणायचे, ‘‘आतलं माले काही समजत नही, भाऊ. मना काम वरनं शे.’’

पण लोकांच्या हाताला लागायचं ते वरचंच. भुसावळच्या एका फोटोग्राफरच्या लेन्समधली बुरशी मी चार दिवस खपून काढली, उजेड कमी-जास्त करणारी आतली अडकलेली पाती मोकळी केली. मग तो ती रबरासाठी धुळ्याला घेऊन गेला. परत आला तो माझ्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर रिंग फिरवत म्हणाला, ‘‘नानांनी लेन्स अगदी नवी करून दिली बघा!’’

माझं नावसुद्धा नाही. मी सहज बोलल्यासारखं बोललो, ‘‘जपून वापरा. नानांचा गोंद आत उतरतो. एक लेन्स जाम होऊन आलीय माझ्याकडे.’’

तशी कुठलीही लेन्स माझ्याकडे आलेली नव्हती.

दोनेक महिन्यांनी भर दुपारी नाना एसटीने जळगावला आले. पायऱ्या चढून दम लागला होता. पाणीही न घेता म्हणाले, ‘‘भाऊ, ती जाम व्हयेल लेन्स दखाडा. मना हातनी चूक व्हई ते मीच सुधारसू.’’

भांडायला आले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. चूक सापडेपर्यंत कुणाच्या लेन्सला हात लावायचा नाही, म्हणून माझं बोलणं कानावर गेल्या दिवसापासून काम बंद ठेवलं होतं. मी म्हणालो, ‘‘मालक घेऊन गेला ती.’’ मग त्यांनी विचारलं, गोंद किती लावायचा. मी तोंडाला येईल ते सांगितलं, ‘‘थोडा कमी लावा.’’ त्यांनी मान डोलावली, हात जोडले आणि निघून गेले.

त्यानंतर धुळ्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊ लागली. ‘‘आतलं काम जळगावना भाऊकडेच करा, पुण्याले शिकेल माणूस शे,’’ असं म्हणून नाना त्यांना पाठवायचे. आधी मला त्यांच्या हातांचा हेवा वाटायचा. आता त्यांच्या स्वभावाचा वाटू लागला, आणि हा जास्त झोंबणारा होता. मी एकही गिऱ्हाईक कधी धुळ्याला पाठवलं नव्हतं.

वर्षभराने न राहवून धुळ्याला गेलो आणि सगळं कबूल केलं. नाना पट्टी कापत होते. पातं थांबलं. मग एवढंच म्हणाले, ‘‘दोन महिना मना हात रिकामा व्हतात, भाऊ.’’ आणि पुन्हा कापू लागले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, चहा विचारला नाही. गिऱ्हाइकं पाठवणं मात्र त्यांनी थांबवलं नाही.

पुढे प्लास्टिकचे, आपोआप फोकस होणारे कॅमेरे आले. नाना मुलाकडे सुरतेला गेले आणि तिथेच वारले. मला ते सुरतेहून आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्याच्या पिशवीत एक जुनी लेन्स होती, आत धूळ बसलेली. नानांनी मरणाच्या महिनाभर आधी त्याला माझा पत्ता लिहून दिला होता.