मंजुळाबाईचं मत

सुमनबाईच्या पोटात काही राहत नाही, हे पारोळ्याजवळच्या त्या गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणाच्या सुनेनं माहेरी काय धाडलं, कुणाकडे वरण खारट झालं, सगळं दुपारपर्यंत वेशीवर टांगलेलं असायचं. सातवी पास, शिवणयंत्र चालवणारी, ब्लाउजाचं माप घेता घेता माणसाचंही माप काढणारी बाई. तरी तिच्यावर राग धरणं कुणाला जमत नसे. कुठे बाळंतपण असलं की पहिली हजर हीच.

अशा बाईला चौऱ्याऐंशीच्या ग्रामपंचायतीच्या मतदानात आंधळ्या मंजुळाबाईनं सोबतीला निवडलं. न दिसणाऱ्या मतदाराला एक सोबती नेता येतो; मतदार सांगेल त्या चित्रावर सोबत्यानं शिक्का मारायचा आणि हे गुपित ठेवीन असं लिहून द्यायचं. मंजुळाबाईचा मुलगा सुकदेव स्वतःच उभा होता, निशाणी छत्री. सून ताईबाई हात धरायला पुढे झाली, तर म्हातारीनं तो झटकला.

"घरनं कोनी नको. सुमन येई."

केंद्राध्यक्षांनी कागद पुढे केला. सुमनबाईनं तो दोनदा वाचून सही केली. पडद्याआड म्हातारीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. शिक्का कुठे उमटला? ते इथेही मिळणार नाही, उगाच पुढच्या ओळी चाळू नका.

सुकदेव एका मतानं पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सुमनबाईच्या दारात.

"अक्का, मायनी कोनले मत दिनं?"

"मायले इचार."

"ती नुसती हासस. तू सांग."

"कागदवर सही शे मन्ही. सांगाव नही."

"तू? तुन्हा तोंडले कधी कुलूप लागनं का?"

"काल लागनं."

सुकदेवाच्या अंगाचा तिळपापड झाला. सुमनबाईच्या शेताची पायवाट त्याच्या बांधावरून जायची. त्यानं तिथे बाभळीच्या काट्या टाकल्या. तेव्हापासून ती नाल्याला वळसा घालून जाऊ लागली. बायकांनी खोदून खोदून विचारलं. नवऱ्यानं, गिरधरनं, धुळ्याच्या साडीचं आमिष दाखवलं. "साडी आना, गुपित ते गुपितच," ती म्हणाली. साडी अर्थातच आली नाही.

दोन वर्षांनी मंजुळाबाई गेली. दहाव्याला सुकदेव सुमनबाईसमोर येऊन नुसता उभा राहिला. आईनं आपल्याला नालायक ठरवलं का, एवढंच त्याला हवं होतं. "तुलेच दिनं रे," एवढं म्हटलं असतं, खरं की खोटं कोण तपासणार होतं? वाटही मोकळी झाली असती. पण खरं सांगितलं तर गुपित फुटतं आणि खोटं बोललं तर ते म्हातारीच्या नावावर खपवल्यासारखं होतं. तिनं पदर सावरला आणि वाट धरली. घरी येऊन चुलीपाशी मात्र पोटभर रडली.

पंचाण्णवच्या मतदानाआधी सुकदेवाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो पट्टीखाली, दुसरा आधीच धुरकट. केंद्रात ताईबाईनं हात धरला, तर तो म्हणाला, "तू नको. सुमनअक्काले बलाव."

निरोप पोचला तेव्हा सुमनबाई कापड बेतत होती. गळ्यात टेप तशीच ठेवून आली, कागद पुन्हा दोनदा वाचला, सही केली. सुकदेव तिच्या कानाशी पुटपुटला. बाहेर येताच ताईबाईनं गाठलं.

"अक्का, यासनी कोनले दिनं?"

"यासलेच इचार."

सुकदेवाला हसू आलं. हसता हसता तो थबकला.

"मायबी आशीच हासे," तो म्हणाला, आणि पुढे त्यानं काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुमनबाई सवयीनं नाल्याकडे वळली, तर बांधावर सुकदेव एका हातानं पट्टी सांभाळत बाभळीच्या काट्या ओढत होता.

"इकडथून जाय, अक्का. तिकडथून लांब पडस."

"पहिले डोया सांभाय!" ती खेकसली, हातातली काटी हिसकावून घेतली आणि बांध ओलांडेपर्यंत गावातल्या तीन घरांच्या भानगडी त्याला सांगून मोकळी झाली.