आत किती माणसं हायत?

आगीच्या गाडीवर वीस-बावीस वर्षं ड्रायव्हरकी केली की दोन गोष्टी साठतात. अंगात धुराचा वास आणि डोक्यात किस्से. वास साबणानं थोडा तरी जातो. किस्से सांगितल्याशिवाय जात नाहीत, आणि सांगितले की वाढतात! आमची मंडळी म्हणतात, "तुमची आग दरवर्षी एक मजला चढते." चढू दे की!

सोलापुरातलं आमचं केंद्र नेमकं कुठलं ते विचारू नका. तिथं एक लाल गाडी, एक पितळी घंटा आणि फोनपाशी एक लाकडी खुर्ची आहे. खुर्चीवर अनसूयाबाई. लोक टाळ्या वाजवतात गाडीला, पण गाडी हलते ती या बाईच्या शब्दावर. मागं एक नवे साहेब ती खुर्ची बाईंसकट उचलायला निघाले होते. आज सांगतोय ते त्या खुर्चीचं.

*

अनसूयाबाई तेलुगू विणकरांच्या घरातल्या. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी, चारही भाषांत दम भरतात. फोन उचलला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "कुठं? जवळची खूण काय? आत किती माणसं हायत?" आधी उत्तरं द्यायची, रडायचं नंतर.

एकदा जावयाचा फोन आला.

"आई, झालं एकदाचं!"

"कुठं?"

"दवाखान्यात!"

"जवळची खूण काय?"

"अहो आई, मी तुमचा जावई बोलतोय!"

"ते कळलं. आत किती माणसं हायत?"

"आता कुणी नाही! आत होती ती बाहेर आली. मुलगी झाली!"

तोवर बाईंनी घंटा वाजवलेली. आमचा फायरमन सिद्रामप्पा हेल्मेट घालून गाडीवर उभा. त्याला खाली उतरवायला पेढा द्यावा लागला!

*

मला हसायचा हक्क नाही म्हणा. सुट्टीच्या दिवशी मंडळींना स्कूटरवर मागं बसवून नवी पेठेत साडी घ्यायला गेलो. पुढं रिक्षा आडवी. दहा वेळा हॉर्न दिला, हलेना. मग माझ्याही नकळत पोटातून आवाज निघाला, "सरका! बाजू! मागनं पाइप येतोय!"

अख्खी गल्ली दुकानांच्या पायऱ्यांवर चढली. एका साडीवाल्यानं दारातला पुतळा कमरेला धरून आत ओढला. रस्ता मोकळा!

मागून थंड आवाज आला, "मी पाइप व्हय?"

त्या दिवशी एकीच्या जागी दोन साड्या आल्या.

*

आता टॉवेलच्या कारखान्याचं ऐका. यात मी काहीही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नाही.

भर दुपारी फोन आला. म्हातारी बाई, वरच्या खोलीत एकटी, जिन्यात धूर. तेलुगूशिवाय एक शब्द येत नाही. अनसूयाबाईंनी एका हातानं घंटा वाजवली, पत्ता कागदावर खरडून माझ्या हातात कोंबला आणि फोन काही ठेवला नाही.

"भयपडोद्दू, अव्वा," म्हणाल्या. घाबरू नको, आजी. मग एकेक काम सांगत गेल्या. दार लाव. माठातलं पाणी टॉवेलांवर ओत. दाराच्या फटीत कोंब. एक ओला टॉवेल नाकाला धर. खिडकीखाली जमिनीवर आडवी हो. कारखाना टॉवेलचाच, त्यामुळं टॉवेलला तोटा नव्हता.

आता म्हातारीला झोप लागू द्यायची नाही. बाईंनी विचारलं, "नातवंडं किती?"

"सात."

"नावं सांग. सावकाश. एकेकाचं."

पाचव्या नावाला सिद्रामप्पानं शिडीवरून खिडकी फोडली. म्हातारीला खांद्यावर घेऊन खाली यायला लागला, तर ती मोबाइल सोडेना. ओरडत होती. खाली उभ्या कामगारांनी अर्थ सांगितला, "थांब म्हणतीय, अजून दोन नातवंडं राहिल्यात!"

आमच्यात एक रीत आहे. परत आलं की आधी गाडीच्या टाकीत पाणी, मग माणसाच्या पोटात. कारण पुढचा फोन कधी येईल सांगता येत नाही. त्या दिवशी टाकी भरली, आम्ही तांब्या तोंडाला लावला आणि मग अनसूयाबाईंनी लावला. गाडी बाहेर असली की ही बाई पाणी पीत नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

*

त्या आगीबद्दल व्यापारी लोकांनी आमचा सत्कार ठेवला. 'आगीशी झुंजणारे वीर' म्हणून एकेक नाव पुकारलं. माझंसुद्धा! मी तर खाली पंपापाशी उभा होतो. अनसूयाबाईंचं नाव यादीतच नाही. का, तर त्या "जागेवर" नव्हत्या.

सिद्रामप्पा अक्कलकोटकडचा गडी, बोलतो कमी. शाल-नारळ घेऊन तो तडक केंद्रावर आला. शाल टेलिफोनला पांघरली, नारळ पुढं ठेवला.

तेवढ्यात नवे साहेब दारात. "हा काय प्रकार?"

"सत्कार चुकीच्या पत्त्यावर आलता, साहेब. पोचवला."

साहेबांना तो प्रकार फारसा आवडला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "फोन आता मशीन घेईल. आगीसाठी एक दाबा, अपघातासाठी दोन दाबा. बाईंना दाखल्यांच्या खिडकीवर बसवू."

सिद्रामप्पा म्हणाला, "त्या अव्वाला मशीननं नातवंडं विचारली असती का?"

"भावनिक होऊ नका."

अनसूयाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी सही करणार न्हाय."

"बदलीच्या ऑर्डरला तुमची सही लागत नाही."

"मग मी उठायला तरी लागंल की न्हाय?"

आणि नाहीच उठल्या! डबा टेबलावर, चहा टेबलावर. साहेब ताडताड जिना चढून वर केबिनमध्ये गेले. जाताना म्हणाले, "उद्या मी खोटा कॉल करणार. घड्याळ लावून. बाई किती वेळ घालवतात ते कळू दे सगळ्यांना. संध्याकाळी ऑर्डर निघेल."

*

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास फोन वाजला. आम्ही सगळे टेबलाभोवती.

पलीकडून चिरका आवाज, "आग! आग! वाचवा!"

"कुठं?"

"नवी पेठेत!"

"नवी पेठेत एवढी शांतता नसती. तुमच्यामागं पंखा कुरकुरतोय, त्यो आमच्या वरच्या केबिनमधला हाय. आत किती माणसं हायत?"

पलीकडं पंखा खटकन बंद झाला. मग नकळत खरं उत्तर आलं, "एक."

बाईंनी घंटा वाजवली. "वरची केबिन. माणूस एक."

मी म्हणालो, "बाई, साहेबच हायत की! खोटा फोन!"

"फोन खोटा ठरवायचा हक्क आपल्याला न्हाय. आलेल्या फोनला गाडी जाती. जावा!"

मग गेलो. गाडी बारा फूट पुढं घेतली, सायरन लावला, केबिनच्या खिडकीला शिडी लावली. सिद्रामप्पा पाइप घेऊन वर. पंपावर मी. प्रेशर थोडंच दिलं होतं, शप्पथ!

वरून आरडाओरडा, "अरे ड्रिल आहे! ड्रिल आहे रे!"

सिद्रामप्पा खाली बघून म्हणाला, "धुरानं माणूस बरळतंय. ओला टॉवेल आणा!"

साहेब त्याच्या खांद्यावरून, डोकं खाली करून, पत्त्यावर पोचले. बाकावर बसवलं. दातावर दात आपटत म्हणाले, "चहा... चहा द्या."

"आधी गाडीला, साहेब," मी म्हणालो आणि टाकीला पाइप लावला.

टाकी भरत असताना अनसूयाबाईंनी नोंदवही उघडली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या. "ठिकाण, वरची केबिन. बाहेर काढले, एक. जखमी, कुणी नाही. जळाले, काही नाही. भिजले, टेबलावरचा बदलीचा एक कागद."

मग वही साहेबांकडं फिरवून पेन पुढं केलं.

"हितं मात्र तुमची सही लागती, साहेब."