तोरण गिळलेली मोटर

मोटर चालवायला पेट्रोल, पाणी आणि एक बैलजोडी लागते, असं आमच्या अनसिंगातल्या लोकांचं बरीच वर्षं प्रामाणिक मत होतं. हे मत साफ चुकीचं आहे. पण ते त्यांच्या डोक्यात भरवलं मीच, हेही कबूल करायला हवं.

ही लढाईच्या आधीची गोष्ट. अकोल्याचा एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याची जुनी मोटर मी घेतली. देताना साहेबाने इंजिनाकडे बोट दाखवून मोठ्या अभिमानाने सांगितलं, की हिच्यात सुपरचार्जर आहे. मीही मान डोलावली. (भोंग्याला विलायतेत सुपरचार्जर म्हणत असावेत, अशी माझी घरी पोचेपर्यंत समजूत होती.) पुढे साहेबाने दिलेलं पुस्तक कोश घेऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. इंजिन आपणहून जेवढी हवा ओढतं त्याहून जास्त हवा त्याच्या घशात कोंबणारं ते यंत्र होतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर! फक्त आमच्या मोटरीचं हे यंत्र झिजून दमेकरी झालं होतं, हे सांगायला साहेब विसरला. असले लोक आमच्यावर राज्य करत होते!

आमच्या गावाबाहेर एक नाला आहे आणि नाल्यातून गावात शिरायला काळ्या मातीचा एक चढ आहे. त्या चढावर मोटर यायची, दोनदा खोकायची आणि बसायची. मग माझे वडील, म्हणजे आबा, आपली लाडकी जोडी पाठवायचे. चांद्या आणि बांड्या. ते दोघे माझ्या मोटरीला गावात ओढून आणत आणि आणताना एकदाही मागे वळून बघत नसत. बैलांनासुद्धा तिरस्कार करता येतो हे मला त्यांनी शिकवलं.

एकदा असंच झालं तो नेमका बाजाराचा दिवस होता आणि मोटरीत माझी बायको अनसूया बसली होती. अख्ख्या बाजारातून बैलांनी आम्हाला मिरवत नेलं. घरी उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "बैलाच्याच मागं बसाचं हाये, तं चांगल्या बंडीत बसतो मी. ह्या डब्यात कायले? याले बैल लागन तोवर मी याच्यात पाय ठेवनार नाई."

आबांचा निकाल त्याहून कडक होता.

"बापू, आइक. आता हे शेवटचं. याच्यानंतर एक डाव जरी माह्ये बैल तुह्या डब्याले जुंपा लागले, तं याची चाकं काढून बंडीले लावीन आन् वरच्या खोक्यात कोंबड्या ठेवीन!"

"आबा, अहो ती विलायती मोटर आहे!"

"तं इलायती कोंबड्या ठेवीन!"

आबा थट्टेत बोलत नसत. दुसऱ्या दिवशी ते दोरी घेऊन मोटरीची चाकं मापताना मला दिसले. मोटर वाचवायची तर चढ चढायलाच हवा होता, आणि चढ चढायचा तर इंजिनाचा दम वाढवायला हवा होता. मी गावातल्या किसन लोहाराला बोलावलं. त्याने घटकाभर इंजिनात डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाला, "बापू, हे तं माह्या भात्यावाणीच हाये. हवा कमी पडली की इस्तो धरत नाई."

"किसन, याची हवा जास्त की तुझ्या भात्याची?"

"माह्या भात्याची!" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "हे तं फुंकून राह्यलं फक्त!"

झालं! किसनचा भाता म्हणजे कातड्याचा जुना भाता नव्हे, हाताने फिरवायचा लोखंडी पंख्याचा. तो आम्ही मोटरीच्या पुढच्या बाजूला, हवा ओढायचं तोंड समोर आणि फुंकायचं इंजिनाकडे करून बसवायचं ठरवलं. इंजिनाच्या जोरावर तो फिरावा म्हणून जिनातून कापसाच्या यंत्राचा जुना पट्टा मागून आणला. पेट्रोल यायचं भोकही किसनने सामता (लोहाराचं गिरमिट) मारून मोठं केलं. दोन महिने आमच्या अंगणात इंजिन उघडं पडलं होतं. सगळे सुटे भाग मी घासलेटात भिजत घातले होते, आणि ते ज्या परातीत घातले होते ती आईची पीठ मळायची परात होती, हे मला नंतर सांगण्यात आलं. (पंधरा दिवस आमच्या भाकरींना घासलेटाचा वास येत होता. चुलीजवळ मात्र त्या जरा लवकर शेकत असाव्यात.)

शेवटी जोडणी झाली. किसनने भात्याच्या उघड्या तोंडावरून हात फिरवला.

"बापू, याच्या तोंडाले जाळी लावा लागते. माह्या दुकानात होती तशी. नाई तं पालापाचोळा आत जाते."

"जाळीने हवा अडते, किसन!"

"पन पाला..."

"मोटर तुझी की माझी?"

किसन गप्प बसला. त्या वेळी तो गप्प बसला याचाच मला आज राग येतो. माणसाने आपल्या म्हणण्यावर ठाम राहायला नको का?

आता मुहूर्त. मी पोळ्याचा दिवस निवडला. त्या दिवशी सारा गाव मारुतीच्या पाराजवळ जमतो, रस्त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सजवलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात. मग मानाची जोडी तोरण तोडून पुढे जाते आणि पोळा फुटतो. हा मान पाळीपाळीने फिरतो आणि त्या साली कित्येक वर्षांनी आमच्या घरी आला होता. आबांनी वाशिमहून नवी झूल आणली होती. चांद्या-बांड्याच्या शिंगांना बेगड लावताना ते चक्क गुणगुणत होते. आबांना गुणगुणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

अनसूया मला म्हणाली, "आजच काहून? आज बैलायचा दिवस हाये. एक दिवस तं त्यायले मान घेऊ द्या!"

"मी कुठे त्यांचा मान घेतोय? गाव जमलेला आहे, एवढंच. सगळ्यांनी बघायला हवं!"

"बघतीन," ती म्हणाली. "त्याचंच भेव हाये मले."

दुपार कलल्यावर मी मोटर मागच्या वाटेने नाल्यात उतरवली आणि तोंड गावाकडे केलं. शेजारी किसन. इंजिन सुरू केलं. तो आवाज मी तुम्हाला कसा सांगू! भाता आधी घुमला, मग किंचाळला. मी मोटर चढाला घातली आणि ती चढली! होय, चढली! चिखल दोन्ही बाजूंना उडवत, न खोकता, न बसता, मोटर अख्खा चढ एका दमात चढून वर आली. एवढी एक गोष्ट लोकांनी लक्षात ठेवायला काय हरकत होती? पण नाही. त्या दिवसाची दुसरी प्रत्येक गोष्ट गावाला तोंडपाठ आहे, आणि चढ चढल्याचं कोणाला विचारा, तर म्हणतात, "असन बापा. आमी नाई पाह्यलं."

पाह्यलं नाही, कारण सगळे तोरणाजवळ होते. म्हणून मी मोटर तोरणाजवळ नेली. बाजूला थांबता आलं असतं, हे मला मान्य आहे. पण बाजूला थांबलो असतो तर मागच्यांना काय दिसलं असतं? मी थेट तोरणासमोर, मानाच्या जोडीच्या शेजारी मोटर उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, कारण भात्याचा आवाज लोकांना ऐकू यायला हवा होता.

नेमका त्याच क्षणी कोणीतरी चांद्या-बांड्यावर गुलाल उधळला.

तो गुलाल बैलांवर पडलाच नाही. हवेत जरा थबकला, वळला आणि सरळ भात्याच्या तोंडात गेला. दुसऱ्याच क्षणाला मागच्या नळीतून गुलाबी धूर निघाला! लोकांना वाटलं, ही मोटरवाल्यांची पोळ्याची काही रीत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी दोन पसे गुलाल मोटरीवरच टाकला.

"बंद करा, बापू!" किसन ओरडला.

"थांब रे, लोक खूश आहेत!"

मग चांद्याच्या शिंगावरचं बेगड गेलं. मग बांड्याच्या कपाळावरचं कागदी फूल गेलं. बांड्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मोटरीकडे वळून पाहिलं. आणि मग वाऱ्याने तोरणाचं लोंबतं टोक हललं, भात्याच्या तोंडाशी आलं आणि पंख्याने ते धरलं.

मी खोटं बोलणार नाही. शेवया ओढाव्यात तसं मोटरीने ते तोरण आत ओढलं. आंब्याची पानं, झेंडूची फुलं, दोरी, सगळं! दोन्ही बाजूंचे खांब वाकले, दोरी तुटली, फाटकन एक स्फोट झाला आणि इंजिन गप्प झालं.

आणि मग मागच्या बाजूच्यांनी, ज्यांना फक्त तोरण पडलेलं दिसलं होतं, त्यांनी आरोळी ठोकली, "हर हर महादेव! पोळा फुटला!"

झालं! पोळा फुटला म्हटल्यावर थांबतो कोण? ढोल वाजू लागले, शंभर बैल आपापल्या घराकडे उधळले आणि मिनिटभरात मैदान रिकामं झालं. उरले आबा. कित्येक वर्षांनी आलेला मान माझ्या मोटरीने चावून खाल्ला होता. मी त्यांच्या शिव्या खूप खाल्ल्या आहेत, पण त्यांची ती खाली गेलेली मान बघून मला खरोखर रडू आलं. त्यांनी बांड्याच्या रिकाम्या कपाळावर हात फिरवला आणि जोडी घेऊन घराकडे वळले. चार पावलं गेल्यावर न वळताच म्हणाले, "बैल लागन, तं कोंबड्या आनतो."

आमचा सालगडी महादू तिथेच उभा होता. मी हळूच विचारलं, "महादू, दुसऱ्या कोणाची जोडी मिळेल का?"

"आज? पोळ्याच्या दिशी बैलाच्या खांद्यावर जू?" महादूने दोन्ही कानांना हात लावले. "पाप लागन ना, भाऊ! आज तं कसाईबी बैल जुंपत नाई!"

म्हणजे बैल मिळणार नव्हते, आणि मिळते तरी मोटर गेली असती. रात्रभर तिथे सोडावी, तर गावातली पोरं सकाळपर्यंत तिचा भोंगासुद्धा ठेवणार नव्हती. आबांचे शब्द मी मनात पुन्हा एकदा तपासले. बैल जुंपले तर मोटर जाणार. माणसाबद्दल आबा काहीच बोलले नव्हते.

"महादू," मी म्हणालो, "जू आण."

जुवाच्या उजवीकडे मी आणि डावीकडे किसन. ("जाळी लावा म्हनलं होतं मी!" असं तो दर दहा पावलांना म्हणत होता. आता ठाम राहून काय उपयोग?) मागून महादू ढकलणार होता. प्रश्न होता मोटर वळवायची कोणी. इतक्यात अनसूया पदर खोचून आली, दार उघडलं आणि वळवायच्या चाकामागे जाऊन बसली.

"हे काय?" मी जुवाखालून विचारलं.

"मी काय म्हनलं होतं? बैल लागन तोवर बसनार नाई. आता कुठी हायेत बैल?" तिने चाक दोन्ही हातांनी धरलं. "चाला!"

आणि तिने जिभेने टक् केलं. मी ते ऐकलं. ती आजही नाही म्हणते, पण मी ऐकलं!

आता पोळा फुटल्यावर जोड्या दारोदार जातात आणि बाया ओवाळतात, हे मी धांदलीत विसरलो होतो. पहिल्याच दारात कुलकर्ण्यांची काकू ताट घेऊन उभी होती. तिला अगदी कमी दिसायचं. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणाची पोळी तोंडापुढे धरली.

"काकू, मी बापू!"

"असू दे बापा. कष्ट तं केले नं?"

पुढच्या घरच्यांना चांगलं दिसत होतं, तरी त्यांनी तेच केलं. एकीने तर माझ्या पाठीवर थाप मारून अनसूयेला विचारलं, "कोनत्या बाजारातून आनली वो, जोडी?" चार घरं मी तोंड मिटून काढली. पाचव्या घरी मी पोळी खाल्ली. (भूक लागली होती. खोटं कशाला बोलू?) किसन पहिल्या घरापासून खात होता.

आमच्या दारात आईने दोघांचे पाय धुतले. ओसरीवर आबा बसले होते. त्यांनी मोटरीकडे पाहिलं, जुवाकडे पाहिलं, माझ्या गुलाबी तोंडाकडे पाहिलं.

"बैल नाई लागले, आबा," मी धापा टाकत म्हणालो.

आबांनी जू पुन्हा एकदा निरखलं.

"नाई लागले," ते म्हणाले. "शब्द तो शब्द. मोटर राहू दे." मग उठताना म्हणाले, "पन गोठ्यात जागा नाई. तू अंगनातच बस."

मोटर राहिली. किसनने भात्याला जाळी बसवली, पुढे ती चढही कित्येकदा चढली, आणि तेही कोणी पाहिलं नाही. पण खरा अन्याय पुढच्या साली झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबांनी नेहमीप्रमाणे चांद्या-बांड्याचे खांदे हळद-तुपाने शेकले आणि त्यांच्या कानात नेहमीचं निमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वाटीत थोडं तूप उरलं होतं. ते घेऊन आबा सरळ ओसरीवर माझ्याकडे आले. दारात अनसूया पदर तोंडाला लावून उभी होती.

"बापू," आबा अगदी गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

मी मोठा झालेला, मोटर बाळगणारा, इंग्रजी वाचणारा माणूस! मी संतापाने तोंड फिरवलं. खांदा मात्र पुढे केला.