दोन सेकंद कमी

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच होतं. घरात, गल्लीत आणि पुढे कामावरसुद्धा ती भिंगरीच. जेवताना ताटावरून तीनदा उठायची. दप्तर शाळेत राहायचं, मोजे मैत्रिणीकडे, आणि एक वेणी घातली की दुसरी तशीच मोकळी. "एक ना धड, भाराभर चिंध्या," हे आईच्या तोंडून तिने इतक्यांदा ऐकलं होतं की लहानपणी तिला ते आपलं आडनावच वाटे. आणि ही भिंगरी नोकरीला लागली कुठे, तर भिंगांच्या दुकानात. यावर ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं, आपण पुढे जाऊ.

चष्म्याच्या दुकानात तिचं झकास जमलं. एका गिऱ्हाइकाची फ्रेम गरम करून वाकवता वाकवता दुसऱ्याच्या नाकाचं माप घ्यायचं, तिसऱ्याला फोनवर थोपवायचं, आणि मधेच चौथा काच फुटली म्हणून रडत आला तर त्याला पाणी द्यायचं. दुसरं कुणी असतं तर चक्रावलं असतं. ही मात्र अशा गर्दीतच शांत असायची. शांत दुकान तिला खायला उठायचं.

दुकानाचे मालक आता थकले होते. मागच्या खोलीत डोळे तपासणाऱ्याची खुर्ची होती, तिच्यावर इतकी वर्षं तेच बसत. त्यांनी भिंगरीला सरळ सांगितलं होतं, "डोळे तपासायची परीक्षा पास हो, खोली तुझी. नाही झालीस तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. मग मला बोल लावू नकोस." मालक गोड बोलणारे नव्हते, पण दिलेला शब्द फिरवणारेही नव्हते.

परीक्षा होती घड्याळावरची. ठरलेल्या वेळात शंभर प्रश्न, सगळे संगणकावर. भिंगरी त्यात दोनदा आपटली होती. अभ्यास नव्हता म्हणाल तर तसं नाही. पहिल्या वेळी शेजारचा मुलगा पेनाचं टोपण काढत-घालत होता, आणि हिचं अख्खं लक्ष त्या टोपणात जाऊन बसलं. एकच प्रश्न चारदा वाचला तरी डोक्यात शिरेना. दुसऱ्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं आणि हातपाय गार पडले. उठून बाहेर जाऊन आली, आणि परत बसली तेव्हा येत होतं तेही विसरली होती. आता तिसरी आणि शेवटची संधी. यात नापास, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून, असा नियम.

दुसऱ्या आपटीनंतर ती एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी बरंच विचारलं, लहानपणापासूनचं खोदून काढलं आणि म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. हा आळस नाही आणि मंदपणाही नाही. तुमच्या डोक्याला दार आहे, पण दाराला कडी नाही. जो येईल तो सरळ आत. त्यात आता परीक्षेची भीती बसली आहे." भिंगरी तिथेच रडली. इतक्या वर्षांच्या शिव्या एका वाक्यात खोट्या ठरल्या म्हणून रडली. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "आमच्या वेळी याला वांडपणा म्हणायचे." आईचं काय मनावर घ्यायचं.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, त्यांचा दाखला जोडून अर्ज केला की परीक्षेत पाव वेळ जास्त मिळतो आणि वेगळी खोलीही. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. दुसरी, घरी सराव करायचा, पण सुरुवातीला घड्याळ नजरेआड ठेवायचं. वेळ दुसऱ्या कुणी धरायची. अर्धा वेळ झाला की सांगायचं, थोडा उरला की सांगायचं. भीती मोडली की मग हळूहळू घड्याळ समोर आणायचं.

वेळ धरायला माणूस घरातच होता. तिचा नवरा पोहण्याच्या तलावावर मास्तर. गळ्यात सदान्‌कदा ते सेकंदाचं घड्याळ. जेवायला बसला तरी काढायचा नाही, आमटीत बुडायचं एखादे वेळी. माणूस मायाळू. पाण्याला घाबरणारी पोरं त्याच्या एका हाकेवर उडी मारत. त्याची एक खोड होती, आणि भिंगरीला ती माहीत होती, हे लक्षात ठेवा. कुणी पोहून भिंतीला हात लावला की मास्तर घड्याळ बघायचा आणि खऱ्यापेक्षा दोन सेकंद कमी सांगायचा. एकदा तिने मागून पाहिलं आणि विचारलं, तर डोळा मिचकावून म्हणाला, "अगं, हिंमत येते. पुढच्या वेळी खरंच तेवढ्यात येतात." तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. घरी येऊनही हसली होती.

तर सराव सुरू झाला. ही भिंतीकडे तोंड करून बसायची, कानात बोळे, त्याची हाक तेवढी ऐकू येईल असे. तो पाठीमागे खुर्ची टाकून. पहिला आठवडा वाईट गेला. कागद चुरगळणं, रडणं, "मला नाही जमायचं" म्हणून उठून भांडी घासत बसणं. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने शेवटचा प्रश्न सोडवला आणि मास्तर म्हणाला, "झालं की. वेळेत." तिचा विश्वासच बसेना. मग रोजच वेळेत होऊ लागलं. पुढे तर थोडा वेळ उरायलाही लागला. आडव्या-उभ्या नंबरांची गणितं उरकून ती पेपराच्या मध्यावरच्या तिरप्या भिंगांच्या प्रश्नांना आली की पाठीमागून आवाज यायचा, "अर्धा." त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली की तो आला की खांदेच सैल पडायचे. मधूनच ती म्हणायची, "आता घड्याळ समोर ठेवून बघू का?" मास्तर म्हणायचा, "बसलेली घडी कशाला मोडतेस? राहू दे थोडे दिवस." ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत.

जास्तीच्या वेळेच्या अर्जाची मुदत संपत आली तेव्हा जेवताना भिंगरीनेच विषय काढला. "माझं तर वेळेआधीच होतंय. मग दाखला कशाला लावायचा? मालकांच्या कानावर गेलं तर म्हणतील, अर्ध्या डोक्याची बाई खुर्चीत बसवली. आपण नाही मागत."

मास्तर घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत होता. ती सोडली, पुन्हा गुंडाळली. म्हणाला, "तुझं तू ठरव."

तिला वाटलं, केवढा विश्वास आहे माझ्यावर.

परीक्षेच्या दिवशी ती खरोखर शांत होती. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बसली आणि बघितलंही नाही. प्रश्न नीट वाचत होती, अडलेला सोडून पुढे जात होती. शेजारी कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली, तरी ती जागेवर. तिरप्या भिंगांचे प्रश्न आले. पाठीमागून "अर्धा" ऐकू आल्यासारखंच झालं. खांदे सैल पडले. म्हटलं, आता एकदा बघायला हरकत नाही.

बघितलं तर जेमतेम तिसरा हिस्सा वेळ उरला होता.

तिला वाटलं, घड्याळ बिघडलं. खरंच तसं वाटलं तिला, इतका तिचा त्या पाठीमागच्या आवाजावर भरवसा. तिने हात वर केला. देखरेखीच्या बाई आल्या, पडद्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "घड्याळ सगळ्यांचं एकच आहे हो." आणि मग बिनकडीच्या दारातून सगळेच आत शिरले. खोकला, खुर्ची, मालकांचा चेहरा, आईच्या चिंध्या. एका ओळीवरून डोळे घसरून दुसऱ्याच ओळीवर जाऊ लागले. वेळ संपली तेव्हा कितीतरी प्रश्न कोरेच होते. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. नापास.

बसमध्ये बसून तिने स्वतःलाच शिव्या घातल्या. घरी जमतं ते बाहेर का नाही जमत? माझ्यातच खोट आहे. दुकानात जाऊन मालकांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आईकडे तर नकोच. एकाच माणसाकडे जावंसं वाटलं, म्हणून ती तलावाशी उतरली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडायचं, एवढंच मनात होतं.

मास्तर काठावर पाठमोरा उभा होता. पाण्यात एक जाडजूड निवृत्त काका धापा टाकत हात मारत होते. साठी उलटल्यावर पोहायला शिकणारे, तलावाचे लाडके. भिंगरी ओल्या फरशीवरून जपून चालत मास्तरच्या मागे जाऊन उभी राहिली. काकांनी भिंतीला हात लावला. मास्तरने घड्याळ दाबलं. भिंगरीला आकडा स्वच्छ दिसला, छत्तीस.

"चौतीस, काका," मास्तर म्हणाला. "शाब्बास."

या वेळी ती हसली नाही. तिथेच उभी राहिली. "अर्धा, अर्धा, झालं की, वेळेत" हे सगळं एकेक करून तिच्या कानात परत वाजलं. नंबर तपासायला निघालेल्या बाईला समोरचं एवढं दिसू नये?

"माझे किती कमी केलेस?" तिने विचारलं.

मास्तर दचकून वळला. तिचा चेहरा बघून त्याला निकाल कळला आणि बाकीचंही कळलं. "अगं, आधी बस तरी."

"किती?"

"पहिल्या आठवड्यात तुझी काय अवस्था होती, आठव. मला बघवत नव्हतं. म्हटलं, हिंमत आली की वेग आपोआप येईल. पोरांना येतो."

"त्या दाखल्याची गोष्ट काढली तेव्हा तू समोर बसला होतास."

"तेव्हा सांगितलं असतं तर तू परीक्षेलाच बसली नसतीस."

"ते मी ठरवलं असतं. तूच म्हणालास ना, तुझं तू ठरव."

जो वेळ तिला हक्काने मिळणार होता, तोच मास्तरने घरात चोरून दिला, आणि त्यापायी हक्काचा तिच्याच हातून सोडवला. वैऱ्याने केलं असतं तर भांडता आलं असतं. याने मायेने केलं, केसाने गळा कापला. भिंगरीला सगळ्यात जास्त झोंबलं ते निराळंच. आपल्याला जमेल असं जगात एकाच माणसाला वाटतं, असं ती धरून होती, आणि त्यालाच कधी वाटलं नव्हतं.

"जास्त नाही गं," मास्तर खालच्या आवाजात म्हणाला. "दहाएक मिनिटं असतील."

भिंगरीने त्याच्या गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि ही दहा तरी खरी, का यातलीही कमी करून सांगतोयस?"

तो घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळू लागला. तो हिशोब मनात करत होता, का पुन्हा तिला बरं वाटेल असा आकडा शोधत होता, हे तिला ओळखता येईना. यापुढे कधीच येणार नव्हतं.

काका भिंतीला धरून दम घेत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओला चेहरा पुसत त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, माझे चौतीसच ना?"

मास्तरने घड्याळ मुठीत झाकलं.

"छत्तीस, काका," भिंगरी म्हणाली, आणि आली तशी ओल्या फरशीवरून जपून चालत निघून गेली.