पडद्याच्या पलीकडचा सोपान

सोपान गेल्याचे मला थेटरातल्या यंत्राच्या खोलीत कळले. पालमकडचा एक ओळखीचा शेतकरी परभणीच्या बाजाराला आला होता. तो जिना चढून वर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचा हलगीवाला गेला. ताप निघाला न्हाई." मी बरे म्हटले. चालू रीळ संपत आले होते, ते उतरवून दुसरे चढवले. खाली लोक कशाला तरी हसत होते. तो माझ्याकडे पाहत थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. हा माणूस आहे की दगड, असे त्याला वाटले असेल. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. मला अजून रडू आलेले नाही. जेवतो, कामावर जातो, झोपही लागते. फक्त अधूनमधून हात यंत्रावर तसाच राहतो आणि आपण काय करत होतो ते आठवत नाही...

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत गेलेल्या थोरामोठ्यांवर लिहिले जाते. सोपान कोणी थोर नव्हता. त्याचा फोटो नाही, नावापुढे लावायला पदवी नाही. पालमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत तो राहायचा आणि हलगी वाजवायचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, तरी तो मला तुम्ही म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. आता तो नाही म्हणून अहो-जाहो लिहिले तर तोच पहिला हसेल. आमच्या दोघांत एक गोष्ट चौदा वर्षे तशीच पडून होती. मी ती कधी विचारली नाही, त्याने कधी काढली नाही. ती सांगायची म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तेव्हा मूकपटांचे दिवस संपत आले होते, पण आमच्या भागात बोलपट अजून यायचा होता. मी एका फिरत्या तंबूत यंत्र चालवत होतो. राणीसावरगावच्या पाटलाच्या घरातला मुलगा नांगर सोडून यंत्राचा दांडा फिरवतो याची घरी लाज होती, पण मला त्या यंत्राचे वेड लागले होते. तहसिलातून इजाजत घ्यायची, बैलगाड्यांवर सामान लादायचे आणि गंगाखेड, पालम, जिथे जत्रा असेल तिथे तंबू ठोकायचा. सोपानला मालकांनी पालममध्ये ठेवून घेतले. सकाळी त्याने गावोगाव खेळाची दवंडी द्यायची आणि संध्याकाळी चित्र चालू असताना हलगी वाजवायची. घोडे दौडले की एक चाल, लग्न लागले की दुसरी. पडद्यावर येणारा मजकूर लोकांना वाचता येत नसे, तो मी दांडा फिरवता फिरवता मोठ्याने वाचायचो. चित्राचा गळा मी आणि छाती सोपान, असे मालक म्हणायचे.

फरक एवढाच, की मी पडद्याच्या पुढच्या अंगाला असायचो आणि तो मागच्या. गावकुसाबाहेरच्या लोकांना तंबूत घ्यायचे, पण पडद्यामागे बसवायचे, अशी तेव्हाची वहिवाट होती. कापड ओले असले तरच चित्र पलीकडून नीट दिसते, म्हणून खेळाआधी पडद्यावर दोन घागरी पाणी मारावे लागे. ते पाणी गावच्या विहिरीचे, म्हणजे सोपानला शेंदता येत नसे. त्यांच्या लोकांना चित्र दिसावे म्हणून पाणी मी आणायचो, आणि या कामाचा मला मनातून अभिमानही होता. एखाद्या दिवशी आळस केला की सोपान पडद्याच्या कडेने डोके काढायचा. "धाकले पाटील, अजून एक घागर होऊ द्या. मागं निस्तं धुकं दिसायलंय." मागून सगळे उलटे दिसते. चित्रातला शूर गडी डावखुरा आहे असे तो वर्षभर धरून चालला होता. मी चूक दाखवली तेव्हा शांतपणे म्हणाला, तुमच्या अंगानं उजवा असंल.

त्या हंगामात आमच्याकडे एक चित्र आले. अस्पृश्याचे पोर देवळाच्या आवारातल्या आडावर पाणी पिते, लोक त्याला मारतात. पुढे गावात चावडी भरते. एक तरुण जमीनदार त्या पोराची बाजू घेतो, शास्त्रीबुवांशी वाद घालतो, एकेक मुद्दा खोडून काढतो. शेवटी सगळ्यांची मने पालटतात, तरुणाच्या गळ्यात हार पडतो आणि पोराचा बाप त्याचे पाय धरतो. चावडीचा प्रसंग लांबलचक होता. पडद्यावर ओळींमागून ओळी यायच्या आणि मी त्या अशा वाचायचो की माझाच आवाज मला भरून आल्यासारखा वाटायचा. पुढच्या बैठकीवर लोक हुंदके देत. मी खूष असायचो. आपण काहीतरी मोठे काम करतो आहोत, असे वाटायचे.

सोपानला ते चित्र आवडत नव्हते. गाडीतून जाताना आमचे यावरून तासन् तास चालायचे. त्याचे म्हणणे असे, की पोर ज्याचे त्या बापाला अख्ख्या चावडीत एक शब्द नाही. तो कोपऱ्यात हात जोडून बसतो, मग उठून पाय धरतो. मी म्हणायचो, अरे, त्याचे ऐकणार कोण? वजन असलेला माणूस बोलला म्हणून तर मने पालटली. लोक रडतात ते बघत नाहीस का? तो म्हणायचा, रडतात ते मागून बी ऐकू येतं. पालमला जो सावकार सगळ्यात जास्त रडला, त्यानेच तंबूतून बाहेर पडताना सावली पडली म्हणून सोपानच्या भाच्याला शिव्या घातल्या होत्या. मी म्हटले, एका चित्राने जग बदलत नाही, हळूहळू होईल. सोपान बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसला. वादात मी जिंकलो असे मला त्या दिवशी वाटले होते.

मग आम्ही राणीसावरगावला आलो. माझे गाव, जत्रा भरलेली, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर माझे काका, गावचे पाटील. त्यांच्यासमोर यंत्र चालवायचे म्हणून मी दांडा दोनदा पुसून घेतला होता. चावडीचा प्रसंग आला. मी वाचायला लागलो. काका उपरण्याने डोळे पुसत होते, ते मला मागून दिसत होते. त्या प्रसंगात हलगीचे हलके ठेके असत. ते थांबले. मी वाचत राहिलो. एवढ्यात पडद्याच्या कडेने सोपान पुढे आला आणि उजेडात उभा राहिला. हलगी कमरेला, सावली पडद्यावर, त्या तरुण जमीनदाराच्या चेहऱ्यावरच.

"धाकल्या पाटलानी वाचलं ते ऐकलं समद्यानी," तो म्हणाला. "आता बापाचं ऐका."

आवाज चढवलेला नव्हता. दवंडी देताना जेवढा लावायचा तेवढासुद्धा नाही. काका खुर्चीवरून उठले, मागे वळून थेट माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "नारायणा, बंद कर ते."

मी दिव्यापुढची झडप पाडली. तंबूत काळोख झाला. नंतर मालकांना आणि ज्याने विचारले त्या प्रत्येकाला मी सांगितले, की यंत्र अडकले होते, झडप पाडली नसती तर फीत पेटली असती. हे खोटे होते. दांडा व्यवस्थित फिरत होता. झडप पाडून मी तंबूबाहेर पडलो आणि दिव्याला वीज पुरवणाऱ्या इंजिनापाशी जाऊन उभा राहिलो. इंजिनाच्या आवाजात आतले काही ऐकू येत नव्हते, आणि ऐकू येऊ नये म्हणूनच मी तिथे उभा होतो. बऱ्याच वेळाने आत गेलो तेव्हा तंबू रिकामा होता, पडद्यातून पाणी ठिबकत होते. सकाळी गाडीत सोपान नव्हता. त्याचा हिशेब मिटवला, एवढेच मालक म्हणाले.

पुढे पालमच्या बाजारात तो भेटायचा. काकांची तब्येत विचारायचा, नवीन चित्र कुठले आले ते विचारायचा. त्याला त्या रात्री मारले का? पुढच्या लोकांनी काय केले? मी दोनदा विचारायला तोंड उघडले आणि दोन्ही वेळा ज्वारीचा भाव विचारला. शेवटचा भेटला तो गेल्या दिवाळीत. परभणीला आला होता, तिकीट काढून बाकावर बसून त्याने बोलपट पाहिला आणि मला भेटायला वर आला. यंत्राकडे बराच वेळ बघून म्हणाला, आता ह्याला हलगी लागत न्हाई, अन् पडदा बी भिजवाया लागत न्हाई. मग हसला आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेला. त्याला ताप येऊन गेला होता, गालफडे बसली होती, हे मला आता आठवते. तेव्हा दिसले नव्हते, किंवा दिसूनही मी दुसऱ्या रिळाच्या नादात होतो.

गेल्या आठवड्यात मी पालमला गेलो. इतक्या वर्षांत त्याच्या घरी पहिल्यांदाच. गिरजाबाईंनी, सोपानच्या बायकोने, पाणी दिले. मी प्यालो. कोणी त्याची दखल घेतली नाही, मीच मनात घेतली. मोठी मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेत जाते. दिवस मावळत होता, तिने चिमणी लावली. काय बोलावे ते मला सुचेना, म्हणून मी म्हटले, आम्ही बरोबर काम करत होतो, राणीसावरगावच्या खेळाला मी होतो. यावर मुलगी उठली आणि तिने चिमणी फुंकली. मी दचकलो. गिरजाबाई म्हणाल्या, "ती गोष्ट ह्या घरात दिवा घालवूनच सांगत्यात. त्यांनीच लावलीया सवय."

आणि त्या अंधारात त्यांनी मला ती रात्र सांगितली. जत्रेला आलेल्या त्या स्वतः पडद्यामागे होत्या, ही मुलगी पोटात होती. दिवा गेला तेव्हा सोपान मारला जाणार असे सगळ्यांना वाटले. पण तो बोलतच राहिला. मग एक म्हातारी उठली, तिने ओला पडदा खालून उचलला आणि वाकून पुढे गेली. तिच्यामागे दुसरी, मग सगळेच. डोक्यावर पाणी ठिबकत होते. पुढे जाऊन ते जिथे जागा सापडली तिथे बसले. "अंधारात कोन कुनाला शिवायलंय, कळंना," गिरजाबाई म्हणाल्या. "हात उगारावा तर हात कुनाला लागंल ठावं न्हाई. मनून समदे गप जागच्या जागी बसले. पाटील बी."

मी विचारले, सोपान काय बोलला?

उत्तर मुलीने दिले, पाठ असल्यासारखे. "माझ्या पोराला तहान लागली व्हती. ह्यात वाद घालायचं काय हाय?"

एवढेच नाही, पुष्कळ बोलला म्हणे, पण मुलांना त्याने एवढेच शिकवले होते. बोलून झाल्यावर तो हलगी वाजवत तंबूबाहेर पडला आणि सगळे त्याच्यामागून उजळ माथ्याने पुढच्या दाराने गेले. त्या गोष्टीत मी कुठेच नव्हतो. वाचणारा नाही, पाणी मारणारा नाही, घाबरलेलाही नाही. चौदा वर्षे मी त्याच्या रागाची नाहीतर माफीची वाट बघत होतो, आणि त्याने मला गोष्टीतच घेतले नव्हते. मला वाईट वाटले. बरेही वाटले. कुठले जास्त, ते सांगता येत नाही.

"लय बरं झालं दिवा गेला," गिरजाबाई म्हणाल्या. "यंत्र बिघडलं व्हतं मनं."

तिथे गप्प बसता आले असते. पण तोंडातून निघून गेले, "बिघडलं नव्हतं. मी घालवला."

मग गिरजाबाईंच्या पायाला काही लागल्यासारखा आवाज आला, त्या माझ्या दिशेने वळल्या असाव्यात. त्यांचा आवाज ओलसर झाला होता. "मजी तुमी होता व्हय. हे कदी बोलले न्हाईत. तुमचं लय उपकार झाले, पाटील."

मुलीने चिमणी लावली आणि माझ्याकडे पाहिले. तसे पाहताना मी खूप लोकांना पाहिले आहे, पडद्यावरच्या त्या तरुणाच्या गळ्यात हार पडायचा तेव्हा. माझे दुसरे वाक्य तयार होते, ओठांपर्यंत आले होते. मी ते बोललो नाही. चहा घेतला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेवटच्या गाडीने परत आलो.

त्या मुलीला वाचता येते. ही पुरवणी पालमच्या शाळेत जाते, अशी मी खात्री करून घेतली आहे. म्हणून ते वाक्य इथे लिहितो. पोरी, दिवा मी तुमच्यासाठी घालवला नव्हता. काकाला भिऊन घालवला होता.